शॉर्ट शिफ्टर लावूनही दुसरा गिअर अडतोच: आधी काय तपासायचं, मग कोणता घ्यायचा

तक्रार अशी होती. डिसेंबरच्या सकाळी गाडी काढली की पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गिअर अडायचा. दांडा दुसऱ्याच्या तोंडाशी जाऊन थांबायचा, जणू आतून कुणी दार धरून ठेवलंय. जरा जोर दिला की 'कर्रर्र', आणि मग खटकन आत. चांदूर बाजारच्या रस्त्याला सातआठ किलोमीटर झाले की सगळं सुतासारखं सरळ. दुपारी तर वाटायचं, सकाळी आपल्याला भासच झाला असेल. मार्च लागला की तक्रार गायब, दिवाळी उरकली की पुन्हा हजर. दोन हिवाळे हेच चाललं.

गाडी म्हणजे जुनी, पाच गिअरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की अमरावतीचे मित्र हसतात. पण जिथे आजूबाजूला सगळे ट्रॅक्टर आणि पिकअप, तिथे तिचा मान स्पोर्ट्स कारचाच आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता.

मी काय केलं? सगळी पोरं करतात तेच. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, मनगटाच्या एका झटक्यात गिअर टाकणारे लोक पाहिले आणि ठरवून टाकलं की आपला दांडाच लांब आहे म्हणून हा त्रास. चाळीस टक्के कमी फिरणारा शॉर्ट शिफ्टर, म्हणजे गिअरचा आखूड फेऱ्याचा दांडा, मागवला, वर मुठीला स्टीलचा वजनदार नॉब. पार्सल आलं तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. खोका उघडून काय आणलंय ते सांगितलं, तर म्हणाले, "दांडा छोटा करायले पैसे देले? कुऱ्हाड होती ना घरी."

लावला. पहिल्या दिवशी गाडी नुसती उभी ठेवून गिअर टाकायलाच मजा वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बगीच्यात जायला निघालो. संत्र्याची तोड सुरू होती, मजूर वाट पाहत होते. आणि दुसरा गिअर पडेचना. आधी अडत तरी होता, आता हाताला दगडासारखा लागत होता. पहिल्यातच गाडी रडवत फाट्यापर्यंत गेलो. तिथे जिनिंगला निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग. त्या रांगेत पहिला-दुसरा-पहिला करता करता डिसेंबरात घाम फुटला.

जोर का वाढतो, याचा हिशोब

शॉर्ट शिफ्टर म्हणजे जादू नव्हे, पहार आहे. गिअरचा दांडा एका टेकूवर फिरतो. टेकूच्या वरचा भाग आपल्या हातात, खालचा भाग केबल किंवा रॉड ओढतो. समजा वरचा भाग २०० मिलिमीटर, खालचा ५० मिलिमीटर, आणि गिअर पडायला केबल १४ मिलिमीटर सरकावी लागते. म्हणजे न्यूट्रलपासून नॉब चौपट, ५६ मिलिमीटर फिरणार. आता खालचा भाग ६५ केला तर नॉब साधारण ४३ मिलिमीटर फिरेल. फेरा तेवीस टक्के कमी झाला. पण पहारीचा नियम कुणाला चुकत नाही: फेरा ज्या पटीत कमी होतो त्याच पटीत जोर वाढतो. इथे जोर तीस टक्के वाढला.

माझ्या चाळीस टक्क्यांच्या शिफ्टरचा हिशोब केला तर आधी जिथे तीन किलोचा जोर लागायचा तिथे आता पाच किलो. हे खोक्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. खोक्यावर फक्त चाळीस टक्के लिहिलेलं असतं, तेही लाल अक्षरात.

दुसरी गोष्ट, आणि हीच खरी. गिअर पडायला लागणारा वेळ दांडा ठरवत नाही, आतली सिंक्रो रिंग ठरवते. क्लच दाबून दुसरा गिअर टाकायला जातो तेव्हा ती रिंग, बहुधा पितळी, गिअरच्या निमुळत्या कोनावर घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि तेव्हाच वाट मोकळी करते. वेग जुळला नाही तर ती मुद्दामच दार अडवून धरते. आपल्या हाताला जे 'अडलं' म्हणून जाणवतं ते हेच. दांडा आखूड केला म्हणून रिंगचं काम लवकर होत नाही. उलट, हाताच्या तेवढ्याच जोरात रिंगवर आता कमी दाब पडतो, म्हणून तिला जास्तच वेळ लागतो, आणि आपण वैतागून दांड्यावर धपाटे घालतो. त्या धपाट्यांचं बिल पुढे गिअरबॉक्स उघडल्यावर येतं.

तेव्हा शॉर्ट शिफ्टर एकाच तक्रारीचं औषध आहे: गाडीचे गिअर नीट पडतात, पण दांडा फार लांब फिरतो. गिअर कडक पडतो, कर्रर्र वाजतो, ढिला लागतो, आपोआप सुटतो, या चारही तक्रारींत शिफ्टर विकत घेण्याआधी गाडी तपासा. मी उलट्या क्रमाने केलं, म्हणून दोनदा पैसे गेले.

परतवाड्याचे चाचा

परतवाड्याला एक मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी नॉब हातात घेतला, दोनदा हलवला आणि पहिला प्रश्न विचारला, "थंडी असतांनाच अडते, का गरम झाल्यावरही?"

"थंडीच."

"बंद गाडीत पडते?"

पडत होता. बंद गाडीत पाचही गिअर अगदी लोण्यात सुरी घातल्यासारखे. मग ते म्हणाले, "मंग दांड्याले कायले दोष देता भाऊ? दांडा कापून रोग जात नसते."

त्यांनी ज्या क्रमाने तपासलं तोच क्रम इथे देतो, मधे माझी भर आहे. पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी.

बंद गाडीत गिअर टाकून पाहायचे. हँडब्रेक लावा, क्लच पूर्ण दाबा, एकेक गिअर टाका. एखादा दातावर दात आल्यामुळे अडला तर क्लच सोडून परत दाबा, किंवा हँडब्रेक सोडून गाडी बोटभर पुढे ढकला. बंद गाडीतसुद्धा दांडा कडक लागत असेल, वाट सापडत नसेल, तर भानगड दांडा, केबल किंवा बुशमध्ये (सांध्यातल्या रबर-प्लॅस्टिकच्या कडीत) आहे. बंद गाडीत मऊ आणि इंजिन चालू केलं की सगळेच गिअर कडक, तर क्लच पूर्ण सुटत नाही. दोन्ही वेळा ठीक, पण चालत्या गाडीत एखादाच गिअर, तोही थंडीतच, तर ऑइलकडे बघा. आणि थंडी असो की ऊन, एकच गिअर कायम कर्रर्र करत असेल तर बहुतेक त्या गिअरची सिंक्रो रिंग संपली आहे. तिथे ना ऑइल कामाचं ना शिफ्टर, बॉक्स खोलावाच लागतो.

क्लच सुटतो की नाही हे बघायची सोपी रीत: इंजिन चालू, गाडी उभी, क्लच पूर्ण दाबून पाच आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. पाच सेकंदांत आतला शाफ्ट थांबायलाच पाहिजे. तरीही दात वाजले तर क्लच थोडा चिकटलेलाच राहतोय. मग क्लच पटपट दोनतीनदा पंप करून परत टाका. आता पडला तर क्लचच्या फ्लुइडच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारा मास्टर नाहीतर स्लेव्ह सिलेंडर दाब धरत नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये ब्रेकचंच फ्लुइड असतं आणि ते हवेतलं पाणी शोषतं. आपल्याकडे पावसाळा चार महिने आणि फ्लुइड बदलायची आठवण पाच वर्षांनी, असा मामला असतो.

पण त्याच्याही आधी खाली वाकून पायाजवळ पाहा. थट्टा नाही करत. माझ्या चुलतभावाच्या गाडीत रिव्हर्स कायम वाजायचा. गॅरेजवाल्याने क्लचचा मास्टर सिलेंडर बदलायचा अंदाजही देऊन टाकला होता. आम्ही पाहिलं तर कंपनीचं मॅट, त्यावर रबरी मॅट, त्यावर दुकानदाराने बसवून दिलेलं जाड ७डी मॅट. काळ्या मातीचा चिखल गाडीत येऊ नये म्हणून एवढा बंदोबस्त. क्लचचं पेडल शेवटचा दीड बोट खाली जातच नव्हतं. वरची दोन मॅटं काढली, रिव्हर्स गप. मास्टर सिलेंडरचे पैसे वाचले त्यात आम्ही चिखलदऱ्याला जाऊन आलो.

केबल आणि बुश बघायला दोन माणसं लागतात. एक आत बसून दांडा हलवतो, दुसरा बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या टोकाला नजर ठेवतो. आतला दांडा हलला आणि तिकडची आर्म उशिराने हलली, तर मधला तेवढा ढिलेपणा बुशचा. या गाड्यांत बहुतेक दोन केबल असतात, एक पुढे-मागे ओढणारी आणि एक आडवी. आडवीचा बुश गेला की पाचव्यासाठी टाकलेला गिअर तिसऱ्यात जातो. पुढे-मागेवालीचा गेला की गिअर अर्धाच बसतो आणि पोटात गोळा येतो. आमच्याकडे याला आणखी एक कारण असतं: उंदीर. गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी राहते, उंदरांना इंजिनची ऊब आवडते आणि रबर आवडतं. माझ्या आडव्या केबलच्या टोकाचा रबरी बूट त्यांनी कुरतडलेला निघाला, आत धूळ जाऊन बुश घासून अंडाकार झालेला. चाचांनी तो बोटांत फिरवून दाखवला, गोल भोक चांगलंच लांबट झालं होतं. पण हा ढिलेपणा होता, कडकपणा नव्हता. म्हणजे रोग दोन होते.

असे बुश बदलले तर त्यात ट्रॅक्टरच्या ग्रीसगनमधलं ग्रीस कोंबू नका. मे महिन्यात ते पातळ होऊन गळतं आणि जे राहतं त्याला धूळ चिकटून खरकागदाचं काम करतं. प्लॅस्टिक-रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस, तेही नखभर, पुरतं.

फाउंडेशन, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग, हे लोक विसरतातच. हँडब्रेक लावून, ब्रेक दाबून, पहिल्यात क्लच हळूच थोडासा सोडा आणि दुसऱ्याला बॉनेटबाहेरून इंजिन किती उचलतंय ते बघायला सांगा. बघणारा बाजूला उभा राहिला पाहिजे, गाडीसमोर नाही. रबर फाटलं असेल तर जोर दिला की अख्खा बॉक्स हलतो, केबल ताणते, आणि नेमकं ओव्हरटेकच्या वेळी गिअर कडक होतो किंवा सुटतो. आमच्या गावाच्या फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर हे रबर किती टिकत असेल याचा अंदाज रस्ता पाहणाऱ्याला येईल.

नव्वद नंबर

शेवटी चाचांनी ऑइल काढलं. इथे एक टीप, जी मला त्यांच्याकडूनच मिळाली: खालचा ड्रेन बोल्ट उघडण्याआधी वरचा, भरायचा बोल्ट उघडून पाहायचा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही आधी खालचं ऑइल सोडून दिलं, तर गाडी गॅरेजमध्येच मुक्कामी.

ऑइल आलं ते काकवीसारखं. जाड, काळपट, गंधकाचा उग्र वास. चाचांनी दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हे तं नव्वद नंबर आहे भाऊ. हे ट्रॅक्टरले टाकतेत."

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी ड्राइव्हशाफ्टचा ऑइल सील गळत होता, तो एका गॅरेजमध्ये बदलला. सील तर चांगला बसवला, पण सांडलेलं गिअर ऑइल भरताना कोपऱ्यातल्या ड्रममधून काढून भरलं. मी तिथेच उभा होतो, चहा पीत. विचारलंही नाही.

गाडीच्या पुस्तकात ७५डब्ल्यू-८० लिहिलेलं होतं. हे नुसते आकडे नाहीत. शंभर अंश सेल्सिअसला ८० ग्रेडच्या ऑइलचा चिकटपणा साडेआठ ते ११ सेंटीस्टोक (चिकटपणा मोजायचं एकक) असतो, ९० ग्रेडचा साडेतेरा ते साडेअठरा. म्हणजे गरम असतानाच जवळजवळ दीडपट-दुप्पट फरक. आणि ७५डब्ल्यू मधला डब्ल्यू थंडीतल्या वागण्याचा असतो. साध्या नव्वद नंबरला तो नसतोच. डिसेंबरच्या पहाटे ते घट्ट होऊन बसतं. सिंक्रो रिंगला आतून बारीक खाचा असतात, त्या ऑइलचा थर कापतात आणि मग पितळ कोनाला धरतं. थर काकवीसारखा असेल तर खाचा कापणार काय? रिंग घसरत राहते, वेग जुळत नाही, दार उघडत नाही. आठ किलोमीटर चालून ऑइल तापलं की पातळ होतं आणि सगळं सुरळीत. उन्हाळ्यात तर ते सकाळपासूनच तापलेलं. माझ्या दोन हिवाळ्यांचं कोडं एवढंच होतं.

यात आणखी एक खोच आहे. डब्यावर जीएल-४ लिहिलंय की जीएल-५ (ही गिअर ऑइलची प्रतवारी), तेही पाहा. जीएल-५ मध्ये दातांवरचा भार सोसायला गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. ती मागच्या एक्सलच्या डिफरन्शियलला हवीत. सिंक्रोवाल्या गिअरबॉक्समध्ये ती पितळाला मानवत नाहीत आणि रिंगला जे घर्षण पाहिजे तेच कमी करतात. पुस्तकात जीएल-४ असेल तर जीएल-४च. 'एक नंबर जास्त म्हणजे जास्त चांगलं' हा हिशोब इथे लागू नाही.

नवीन ऑइल भरलं, दोन लिटरच्या आसपास. गाडी सपाट जागी ठेवून, वरच्या भोकातून ओघळ येईपर्यंत. केबलचे बुश बदलले, बूट नवे टाकले. शॉर्ट शिफ्टर काढून मूळ दांडा परत बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सहालाच निघालो. फाटकाबाहेर पहिला, वळणावर दुसरा. पडला. मी मुद्दाम थांबलो, परत पहिला टाकला, परत दुसरा. पडला. शेजारच्या काकूंना वाटलं गाडी बिघडली.

आता शिफ्टर घ्यायचाच असेल तर

इतकं झाल्यावर गिअर इतके छान पडायला लागले की शिफ्टरची गरजच उरली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण हौस उरली होती. तेव्हा दुसऱ्यांदा घेताना जे पाहिलं ते लिहितो.

पहिलं, गाडीची यंत्रणा कोणती ते ओळखा. जुन्या जीपमध्ये किंवा माझदाच्या एमएक्स-५ सारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. तिथे किट म्हणजे वेगळ्या मापाचा दांडा. १९८९ मध्ये आलेली एमएक्स-५ तर तिच्या आखूड, खटकेबाज गिअरसाठीच नावाजलेली. पण तिच्याही पहिल्या दोन पिढ्यांतल्या पाच गिअरच्या बॉक्सला दांड्याच्या बुडाशी वेगळं ऑइल असतं आणि वर रबरी बूट. बूट फाटला, ऑइल आटलं की तिचाही दांडा रुसतो, आणि इलाज बूट आणि ऑइल बदलण्याचा असतो, नवा शिफ्टर नव्हे. हे वाचून मला माझ्या मूर्खपणाचं दुःख जरा हलकं झालं.

समोरच्या चाकांवर चालणाऱ्या आपल्या बहुतेक गाड्यांत केबल असतात. तिथे किट दोन जागी बसतं: आत दांड्याच्या बुडाशी, किंवा बॉनेटखाली गिअरबॉक्सच्या आर्मवर. बॉनेटखालचं किट बहुतेक फक्त पुढे-मागेचा फेरा कमी करतं, आडवा फेरा तसाच राहतो. मग एक, दोन जवळ येतात आणि एक ते तीन लांबच राहतं. हाताला ते आठवडाभर विचित्र लागतं. काहींना कायमच लागतं.

दुसरं, टक्के. माझं स्पष्ट मत: आपल्या रस्त्यांवर पंधरा ते वीस टक्क्यांच्या वर जाऊ नका. चाळीस टक्के ट्रॅकवर ठीक, जिथे फेरी पाच मिनिटांची असते. जिनिंगच्या रांगेत, बाजाराच्या दिवशी, बैलगाडीच्या मागे पाच किलोचा जोर दिवसातून दोनशे वेळा लावायचा असतो. शक्यतो असं किट घ्या ज्यात दोनतीन भोकं असतात आणि फेरा कमीजास्त करता येतो. आधी सगळ्यात सौम्य भोकात बसवा. दांडा वरून तीन सेंटिमीटर कापून आटे पाडणारेही भेटतील. आपल्याच उदाहरणात २०० चा १७० केला की पंधरा टक्के फेरा कमी होतो आणि खर्च लेथवाल्याचा. बाबांची कुऱ्हाड अगदीच चुकीची नव्हती म्हणायची. पण कापलेला दांडा परत लांब होत नाही, आणि रिव्हर्ससाठी दाबायची किंवा उचलायची कडी असलेल्या गाडीत हा उद्योग करूच नका.

तिसरं, बुश कशाचे आहेत. पूर्ण धातूचे बुश आणि उघडे रॉड-एंड चकचकीत दिसतात, दांडा घट्टही लागतो. पण गिअरबॉक्सचा प्रत्येक गुणगुणाट हातात येतो. समृद्धी महामार्गावर १२०च्या मर्यादेत नागपूरहून निघालं की तासन् तास पाचवाच गिअर असतो आणि तेवढा वेळ तो दांडा माशीसारखा घोंघावतो. शिवाय उघड्या सांध्यात धूळ जाते. आमच्याकडे उन्हाळ्यात हवेत पाण्यापेक्षा धूळ जास्त. पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या कडक प्लॅस्टिकचे) बुश आणि सांध्यावर रबरी बूट, असं किट घ्या. सुटे बुश वेगळे मिळतात का तेही आधी विचारा. नाहीतर दहा रुपयांच्या बुशसाठी अख्खं किट पुन्हा मागवावं लागेल.

चौथं, नॉब. वजनदार नॉब खरंच कामाचा असतो, त्याच्या वजनाचा झोक दांड्याला आत नेतो आणि वाढलेला जोर थोडा भरून निघतो. पण स्टीलचा घेऊ नका. एप्रिलमध्ये अचलपूरला कोर्टाबाहेर गाडी तासभर उन्हात उभी होती. येऊन बसलो, सवयीने नॉब धरला आणि तळहाताला चटका. त्या दिवसापासून नॉबवर दुपट्टा गुंडाळून फिरायचो, म्हणजे मनगटाच्या झटक्याची सगळी शानच गेली. आता डेल्रिनचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, आत धातूचं वजन असलेला नॉब आहे. पंचेचाळीस अंशातही धरता येतो. नॉबचे आटे आधी मोजा, प्रत्येक गाडीचे वेगळे असतात.

उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीला ते किट बसतं का, तुमच्याच गिअरबॉक्सचं आहे का, हे लेखी विचारा. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोलला एक बॉक्स आणि डिझेलला दुसरा असू शकतो. वॉरंटी चालू असेल तर गिअरबॉक्सचा दावा अडकू शकतो हे धरूनच हात घाला. आणि मूळ दांडा, क्लिपा, बुश एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. मला दोनदा लागले.

लावल्यावर

किट चांगलं असूनही गिअर कडक लागण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे केबल न जुळवता बसवलेलं किट. दांडा बदलला की मधलं ठाणं बदलतं. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या टोकाला न्यूट्रल लॉक करायची सोय असते आणि आत दांड्यालाही पिन घालायचं भोक असतं. दोन्हीकडे लॉक करायचं, केबलचा पकड सोडायचा, केबल आपोआप आपल्या जागी येऊ द्यायची, मग पकड घट्ट करायचा. दहा मिनिटांचं काम. बसवणाऱ्याला 'लॉक करून जुळवलं का?' एवढं विचारा. तो 'अंदाजाने बसवलं' म्हणाला तर चहा मागवा आणि परत करून घ्या. सगळे गिअर टाकताना दांडा कन्सोलला कुठे टेकत नाही ना, तेही बघा. टेकत असेल तर गिअर पूर्ण बसत नाही आणि खड्ड्यात सुटतो.

परीक्षा कुठे घ्यायची? अमरावती-अकोला रस्त्यावर नाही. जून २०२२ मध्ये त्यावर एका लेनच्या मापाने ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला, त्यावर पाचव्यात टाकलं की गिअर विसरायलाच होतं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढा. हजार मीटरच्या वर चढताना दुसरा-तिसरा-दुसरा इतक्या वेळा होतं की किटचा, क्लचचा आणि फाउंडेशनचा खरा स्वभाव अर्ध्या तासात कळतो. मी वीस टक्क्यांचं किट लावून पहिल्यांदा गेलो तेव्हा तिसऱ्या वळणावर दुसरा टाकताना हात आपसूक आखडला, जुन्या सवयीने. काही वाजलं नाही. पाचशे किलोमीटरनंतर सगळे नटबोल्ट एकदा परत कसले. दोन ढिले झाले होते.

एक गोष्ट अजून राहिलीय. सकाळी शेडमधून गाडी मागे घेताना रिव्हर्स कधीकधी पहिल्या प्रयत्नात पडत नाही. चाचांना विचारलं तर म्हणाले, तुमच्या बॉक्समधे रिव्हर्सले सिंक्रो नाही, ते तसंच असते. क्लच दाबून तीन आकडे मोजायचे, किंवा आधी दुसऱ्यात टाकून मग रिव्हर्सला न्यायचं. मी मोजतो. तेवढ्यात बाबा फाटक उघडतात.